पांघरायची वस्तू कला ठरू शकत नाही का?

खडूफळा (सोलापूर) – प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका शाळेत आठवी-नववीच्या वर्गांना चित्रकला शिकवते. गेल्या पंधरवड्यात मी मुलांना घरातली सर्वांत सुंदर वाटणारी एक वस्तू वर्गात आणायला सांगितली होती. बहुतेकांनी शोभेच्या वस्तू आणल्या: काचेचा मोर, चौकटीत बसवलेले निसर्गदृश्य, कोणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेली गणपतीची मूर्ती. एका मुलाने मात्र पिशवीतून घडी घातलेली जुनी चादर आणली. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात आणि ती चादर त्यांनीच विणलेली होती. अनेक वर्षांच्या धुण्याने तिचा गर्द लाल रंग विटकरीकडे झुकला होता, एका बाजूचा काठ विरला होता, तरी दोन बाकांवर ती पसरताच वर्ग क्षणभर गप्प झाला. मग त्याने ती उलटी केली. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरी फुले होती, आणि खालच्या बाजूला तीच फुले लाल होऊन पांढऱ्या जमिनीवर उमटली होती.

तेव्हा पुढच्या बाकावरची एक विचारी मुलगी म्हणाली, "मॅडम, चादर छान आहे, पण ही कला नाही. कला बघायची असते, ही तर पांघरायची आहे." मुलाचा चेहरा उतरला. मी "दोन्हीही असू शकते" असे काहीतरी म्हणाले, तेवढ्यात तास संपला. माझे ते उत्तर मलाच पटलेले नाही.

आमच्या अभ्यासक्रमात ललित कला आणि उपयोजित कला असे दोन कप्पे आहेत. "उपयोजित" या शब्दातच असे गृहीत धरलेले दिसते की कला आधी दुसरीकडे कुठेतरी पूर्ण झालेली असते आणि नंतर ती वस्तूवर आणून लावली जाते. खरोखरच तसे असते का? उपयोग हा सौंदर्याच्या आड येतो, त्याच्या शेजारी राहतो, की त्याच्या आतच असतो? महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळवणारी पहिली वस्तू ज्या शहराची चादर आहे, त्या शहरातल्या चित्रकलेच्या शिक्षिकेला याचे उत्तर नीट देता यायला हवे, असे मला मनापासून वाटते. एकच विनंती आहे. "सगळेच कला असते" असे उत्तर कृपया देऊ नका. तसे म्हटले तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही, आणि त्या मुलीने विचार करून मांडलेल्या मुद्द्याला ते उत्तर होत नाही.

तत्त्वजिज्ञासू

मॅडम, त्या मुलीने नकळत युरोपीय सौंदर्यशास्त्रातली एक अत्यंत प्रभावी भूमिका मांडली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1790 मध्ये असे प्रतिपादन केले की एखादी गोष्ट सुंदर आहे असे आपण म्हणतो तेव्हा होणारा आनंद हेतुनिरपेक्ष असतो. म्हणजे ती वस्तू आपल्याला मिळावी, आपल्या कामी यावी, तिने आपली भूक भागवावी अशी कोणतीही इच्छा त्या आनंदाच्या मुळाशी नसते. यावरून पुढे अनेकांनी सरळ निष्कर्ष काढला की उपयोगाची वस्तू शुद्ध अर्थाने सुंदर असूच शकत नाही. तो निष्कर्ष कांटचा नव्हे. त्याने सौंदर्याचे दोन प्रकार मानले. फूल, भिंतीच्या कागदावरची पानाफुलांची वेलबुट्टी, शब्दांवाचूनचे संगीत यांचे सौंदर्य स्वायत्त आहे. ते अनुभवताना "ही वस्तू कशासाठी आहे" हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही. याउलट इमारत, घोडा, माणूस यांचे सौंदर्य परायत्त आहे. ते अनुभवताना त्या वस्तूने काय असायला हवे याची कल्पना आपल्या मनात आधीच असते. डोळ्यांना सुखावणाऱ्या कितीतरी गोष्टी एखाद्या इमारतीवर चढवता आल्या असत्या, पण ती प्रार्थनामंदिर असल्यामुळे त्या तिथे शोभत नाहीत, असे उदाहरण तो देतो.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या चादरीकडे पाहा. तिच्यावरची फुलांची नक्षी वेगळी काढून पाहिली तर ती कांटच्या पहिल्या प्रकारात बसते, आणि चादर म्हणून पाहिले तर तीच दुसऱ्या प्रकारात जाते. एकाच कापडात दोन्ही सौंदर्ये आहेत. त्यांतले एक खरे आणि दुसरे दुय्यम असे ठरवण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

याच्या बरोबर उलट टोकाची भूमिका कांटपेक्षा कितीतरी जुनी आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो की मातीच्या भांड्यातली आमटी ढवळायला सोन्याची पळी शोभेल की अंजिराच्या लाकडाची? लाकडाची पळी भांडे फोडत नाही आणि आमटीला वासही चांगला आणते, म्हणून तीच जास्त शोभते, हे समोरच्याला मान्य करावे लागते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. "मग उपयुक्त तेच सुंदर" ही व्याख्या त्याच संवादात तपासली जाते आणि नाकारलीही जाते, कारण वाईट कामासाठी उपयोगी पडणाऱ्या गोष्टीही असतात आणि त्यांना सुंदर म्हणायला कोणी धजत नाही. उपयोगाला सौंदर्यातून हाकलून देणे जितके अवघड, तितकेच दोहोंना एक मानणेही अवघड, हे तेव्हापासून दिसत आले आहे.

मराठीत या प्रश्नाचा विचार झाला, पण तो बहुतांशी साहित्याच्या अंगणात. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला "कलेसाठी कला की जीवनासाठी कला" हा वाद आठवा. त्यात "जीवनासाठी" म्हणजे संस्कारासाठी, समाजासाठी. थंडीत अंगावर घेण्यासाठी असा अर्थ त्यात कोणाच्याही मनात नव्हता. मर्ढेकरांनी सौंदर्य हे संवेदनांच्या लयबद्ध रचनेत असते असे मानून संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम सांगितले, आणि ते नियम चादरीच्या दोन उलटसुलट बाजूंना लावून पाहण्यासारखे आहेत. सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक रा. भा. पाटणकरांनी लौकिकतावाद (कला जीवनाशी जोडलेली मानणारा) आणि अलौकिकतावाद (कला जीवनापासून स्वतंत्र मानणारा) असे दोन ध्रुव दाखवून सौंदर्याची आपली संकल्पनाच द्विध्रुवात्मक, म्हणजे या दोन टोकांमध्ये वावरणारी, आहे असे म्हटले. मला त्यांची दिशा पटते. मात्र कविता विरत नाही, धुतली जात नाही आणि कोणाच्या अंगावर सैल पडत नाही. त्यामुळे कवितेवरून घडवलेली सौंदर्याची भाषा कापडाला पुरी पडत नाही. इथे कापड जाणणाऱ्या कोणीतरी बोलायला हवे.

आलेखवही (सोलापूर)

मी सत्तावीस वर्षे चादरींच्या नक्षीचे आलेख, म्हणजे विणण्याआधी घरांच्या कागदावर काढायचे नकाशे, काढले आहेत, म्हणून सरांच्या शेवटच्या वाक्यानंतर लिहिण्याचे धाडस करतो. तत्त्वज्ञानाची भाषा माझी नाही, पण मॅडमनी वर्णन केलेली चादर मला इथे बसूनही दिसते आहे. एका बाजूला लाल जमीन, पांढरे फूल. दुसऱ्या बाजूला पांढरी जमीन, लाल फूल. ही दुपदरी वीण आहे.

दुपदरी विणीत मागावर एकाच वेळी दोन कापडे तयार होत असतात. लाल ताण्यात (उभ्या धाग्यांत) लाल बाणा (आडवा धागा) जाऊन एक पदर, पांढऱ्या ताण्यात पांढरा बाणा जाऊन दुसरा पदर. जमिनीच्या भागात लाल पदर वर असतो आणि पांढरा त्याच्या खाली. फुलाची कड आली की दोघे जागा बदलतात: पांढरा वर येतो, लाल खाली जातो. हे दोन पदर एकमेकांत गुंततात ते केवळ या अदलाबदलीच्या रेषेवर, म्हणजेच नक्षीच्या कडेवर. फुलाच्या पोटात आणि मोकळ्या जमिनीत ते एकमेकांना बांधलेले नसतात. मॅडम, एखाद्या मोठ्या फुलाच्या मध्यभागी वरचे कापड चिमटीत धरून हलकेच उचलून पाहा, खालचे कापड तिथेच राहील.

म्हणून मला त्या मुलीला एवढेच सांगावेसे वाटते की त्या चादरीवरचे फूल आधी विणलेल्या कापडावर नंतर काढलेले नाही. फुलाची कड हाच दोन पदरांना धरून ठेवणारा टाका आहे. फूल काढून टाकले तर उरतील ती एकमेकांवर ठेवलेली दोन पातळ कापडे, चादर उरणार नाही.

यातून आमच्या कामातले सगळे निर्णय निघतात. नक्षी फार मोठी घेतली आणि मध्ये मोकळी जागा बरीच सोडली, तर कागदावर ती भारदस्त दिसते, पण धुतल्यावर दोन्ही पदर वेगवेगळे सरकतात आणि चादरीला फुगे आल्यासारखे दिसते. नक्षी फार बारीक आणि दाट घेतली, तर पदर जागोजागी जखडले जातात, कापड ताठर होते आणि दोन पदरांमध्ये हवा राहायला जागा कमी उरते. दुपदरी चादरीची ऊब त्या अडकलेल्या हवेतही असते. फुलाचा आकार ठरवताना मी एका डोळ्याने फूल पाहत असे आणि दुसऱ्या डोळ्याने ऊब.

आलेखाचेही तसेच आहे. कागदावरचे प्रत्येक उभे घर म्हणजे ताण्याचा धागा आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेर. समजा, इंचाला ताण्याचे धागे 40 आणि बाण्याचे 30 आहेत, आणि मी साध्या चौकोनी घरांच्या कागदावर वर्तुळ काढले, तर मागावरून ते उभट, अंड्यासारखे उतरेल. म्हणून आलेखाच्या कागदाची घरेच त्या प्रमाणात आडवी-उभी घ्यावी लागतात. शिवाय तिथे तिरकी रेघ म्हणजे पायऱ्या. कुयरीचे वळण गोल दिसावे म्हणून एक घर कुठे वाढवायचे आणि कुठे सोडायचे यात माझे आयुष्य गेले. हा आलेख मागापर्यंत पोहोचतो तो छिद्रे पाडलेल्या पत्त्यांतून. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने 1804 च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली: जिथे छिद्र तिथे धागा उचलला जातो, जिथे छिद्र नाही तिथे तो खाली राहतो. मी काढलेले प्रत्येक घर पुढे एक छिद्र होत असे किंवा होत नसे. आता संगणकावर आलेख होतात, पण वळण कुठे मोडायचे ते अजून डोळ्यालाच ठरवावे लागते.

घडवणूक (मूळ सोलापूर, सध्या पुणे)

आलेखवही काका, तुमचे उत्तर मी तीनदा वाचले. मी वस्तूंचे आरेखन (डिझाइन) करते, आणि तुम्ही जे सांगितले ते आम्हाला महाविद्यालयात कोणी इतक्या नेमकेपणाने शिकवले नव्हते. तरीही एका ठिकाणी मला थांबावेसे वाटते.

पदर बांधले जावेत एवढाच हेतू असता, तर लाल-पांढरे चौकोन विणूनही ते काम झाले असते. किंबहुना सारख्या चौकोनांनी पदर अधिक समान अंतरावर बांधले गेले असते. मग फूलच का? उपयोगाने तुम्हाला सांगितले की कड इतक्या-इतक्या अंतराने यायला हवी. ती कड कुयरीची असावी, की मोराची, की चौकोनाची, हे उपयोगाने सांगितलेले नाही.

हा प्रश्न आमच्या व्यवसायात सतत येतो. अमेरिकन वास्तुकार लुई सलिव्हन याने 1896 मध्ये मांडले की रूप हे नेहमी कार्याच्या मागून येते. हे वाक्य पुढे इतके पसरले की कार्य नीट समजून घेतले की रूप आपोआप मिळते, अशी अनेकांची समजूत झाली. माझा अनुभव तसा नाही. घरातल्या तांब्याचे उदाहरण घ्या. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन आरेखनकार दांपत्याने 1958 मध्ये जो अहवाल दिला, आणि ज्याच्या पाठोपाठ 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय आरेखन संस्था उभी राहिली, त्यात या साध्या तांब्याला त्यांनी भारतात पाहिलेल्या सर्वांत सुंदर वस्तूंमध्ये अग्रस्थान दिले आहे. तांब्या घडवायचा तर कोणकोणत्या प्रश्नांचा विचार करावा लागेल याची त्यांनी मोठी यादीच केली: पाणी किती मावावे, उचलणारा हात केवढा, तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठे राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते. कोणा एका माणसाने बसून तो आकार ठरवलेला नाही, अनेक पिढ्यांनी तो घडवला, हे त्यांचे म्हणणे मला फार मोलाचे वाटते.

पण माझ्या आजीच्या घरी फडताळावर पाच तांबे होते. पाचही नीट उचलले जात, पाचही नीट ओतले जात, भरलेला कोणताही तांब्या उचलताना बोटे गळ्याखाली आपोआप अडकत. तरी त्यांच्यातल्या एकाच्या पोटाचा फुगवटा जिथे गळ्याकडे वळतो तिथे असे काही होते की पाहुण्यांसमोर आजी तोच काढायची. उपयोगाच्या कसोटीवर पाचही उतरले होते; त्यानंतरची निवड दुसऱ्याच कशाने तरी झाली. मला वाटते, उपयोग मैदानाची हद्द आखून देतो. त्या हद्दीत कुठे उभे राहायचे हे माणूस ठरवतो, आणि कला असलीच तर ती त्या ठरवण्यात असते. त्या मुलीचे म्हणणे यामुळे पूर्ण खोडले जात नाही. बघण्यासाठी म्हणून काहीतरी तिथे खरोखर आहे. ते पांघरण्यापासून वेगळे काढता येत नाही, एवढेच.

आलेखवही (सोलापूर)

ताई, तुमचा आक्षेप मान्य आहे. चौकटीच्या चादरीही आम्ही विणल्या आणि त्या उत्तम टिकल्या. फूल का, याचे माझ्यापाशी एकच उत्तर आहे: मला फूल काढायचे होते आणि ते इतक्या मापाचे काढले तर चादरही चांगली होईल हे मला कळले होते. या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एकामागून एक आल्या नाहीत. चांगला आलेख जमला की कोणते कशासाठी केले हे मलाही वेगळे सांगता येत नसे. फसला की मात्र लगेच कळे, एक तर फूल बरे आणि कापड सैल, किंवा कापड घट्ट आणि फूल मेलेले.

माळवद (बार्शी तालुका)

मी शिकलेली फार नाही, पण वाकळ (गोधडी) शिवते, म्हणून लिहिते. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरून कडेने आत, आत असा धावदोरा घालत जायचा. दोरा जवळजवळ घातला नाही तर थर एका कोपऱ्यात गोळा होतात. शिवून झाल्यावर उन्हात टाकली की त्या टाक्यांच्या ओळी शेतातल्या सरींसारख्या दिसतात. त्या ओळी दिसायला म्हणून कोणी घालत नाही, आणि वाकडी ओळ मात्र कोणाला खपतही नाही.

माझ्या सासूबाई वाकळेच्या चारही कोपऱ्यांना राखून ठेवलेल्या नव्या खणाचा एकेक तुकडा लावत. बाकीचे सगळे कापड जुने, विटलेले. नवी होते तेव्हा मी विचारले होते, चांगला खण असा का घालवता? त्या म्हणाल्या, "कोपरा धरूनच वाकळ वडत्यात. जिथं हात लागतो तिथं बरं कापड नको का?"

खडूफळा (सोलापूर)

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. उत्तर यायला उशीर झाला, कारण मला आधी वर्गात जाऊन पाहायचे होते.

त्या मुलाला चादर पुन्हा आणायला सांगितली आणि त्या मुलीलाच पुढे बोलावले. काकांनी सांगितल्याप्रमाणे तिने सर्वांत मोठ्या फुलाच्या मध्ये चिमटीने कापड उचलले. पांढरा पदर वर आला, लाल खालीच राहिला. ती बोट सरकवत फुलाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथे तिचे बोट अडले. मग तिने पाकळीची सगळी कड तशीच बोटाने चाचपली, डोळे मिटून. त्यानंतर ती एवढेच म्हणाली की हे हाताने बघता येते. बाकीच्या मुलांनी नंतर रांग लावली. ज्याची चादर होती तो मुलगा प्रत्येकाला बोट कुठे ठेवायचे ते दाखवत उभा होता.

मी आपला वाद तिथे मिटवला नाही. "चौकोन विणूनही चालले असते, तरी फूल का?" हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आहे आणि मुलांना घरच्या एका वस्तूत अशी जागा शोधून तिचे चित्र काढायला सांगितले आहे, जिथे उपयोगाने एकाहून अधिक वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या आणि घडवणाऱ्याने त्यांतली एक घेतली. माळवद ताईंच्या सासूबाईंचे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा दोघीतिघींनी आपापल्या घरच्या वाकळेचे कोपरे तपासायचे ठरवले.

आलेखवही काका, त्या मुलाने एक प्रश्न विचारला आहे आणि मला त्याचे उत्तर येत नाही. चादरीच्या लांबीच्या दोन्ही काठांना बोटभर रुंदीची साधी पट्टी आहे, तिथे नक्षी मुळीच नाही, तरी तिथे पदर सुटत नाहीत. तिथे त्यांना कशाने धरले आहे?

आलेखवही (सोलापूर)

मॅडम, पोराची नजर चांगली आहे. काठाच्या त्या पट्टीत दोन पदर वेगळे ठेवतच नाहीत. लाल आणि पांढरे दोन्ही धागे तिथे एकाच विणीत घेतात, म्हणून तिथे एकच जाड कापड असते. पट्टीचा रंग नीट पाहायला सांगा, तो ना पुरा लाल असेल ना पुरा पांढरा. सगळी ओढाताण काठावर येते, म्हणून तिथे फूल नको. तुमची हरकत नसेल तर पुढच्या आठवड्यात जुना आलेख आणि छिद्रांचे दहा-बारा पत्ते घेऊन मी शाळेत येईन. एक पाकळी मुलांकडून घरे भरून काढून घेऊ.